उचललेला पंख

रविवारी सकाळी काटेवाले फळ्यासमोर उभे राहिले की नवशिक्यांना वाटायचं, या माणसाचं अर्धं आयुष्य आभाळातच गेलं असणार. ग्लायडिंग क्लबच्या शेडच्या खांबाला दोरीने लटकवलेला फळा ते आधी सरळ करायचे, खडू उचलायचे आणि मग डाव्या हाताचा तळवा आडवा धरून त्याचं ग्लायडर करायचे. उजव्या हाताची मूठ त्या तळव्याच्या एका कडेखाली आणून विचारायचे, "ही खालून वर येणारी गरम हवा. आपण हिला थर्मल म्हणतो. आपल्या विमानाला इंजिन नाही, तेव्हा वर नेणारी हीच. ती दिसत नाही. मग कळते कशी? या पंखाखाली आली की हा पंख उचलला जातो. उचलला गेला की काय करायचं?"

कोणीतरी दबकत म्हणायचं, "सरळ करायचं?"

"चुकलात. त्याच पंखाकडे वळायचं. थर्मल तुम्हाला खांदा मारून बाहेर ढकलत असते. आपण उलट तिच्याच दारात शिरायचं. शिरलात की चांगला तिरका पंख करून गोल फिरायचं, वेग कमीजास्त होऊ द्यायचा नाही. फेरीत ज्या बाजूला जोर जास्त लागतो तिकडे वळण थोडं सैल सोडायचं, जोर ओसरला की आवळायचं. असं करत करत थर्मलचा मध्य आपल्या फेरीच्या मधोमध आणायचा. आणि डोळे काट्यावर ठेवायचे नाहीत. वर चाललोय की खाली हे काटा सांगतो खरा, पण दोन-तीन सेकंद उशिरा सांगतो. तोवर थर्मल मागे राहते. बुडाला जे कळतं ते खरं."

नवशिके हसायचे. दुपारी उडायला शिकवणाऱ्या मास्तरांबरोबर दोन आसनांच्या ग्लायडरमधून वर जायचे, आणि त्यांतले निम्मे पहिल्याच महिन्यात घारीसारखे गरागरा वर चढायचे. खाली उतरून काटेवाल्यांचे हात हातात घ्यायचे. "काय समजावलंत तुम्ही."

मग जुन्या, एका आसनाच्या ग्लायडरमध्ये काटेवाले स्वतः बसायचे. मैदानाच्या दुसऱ्या टोकाची तार गुंडाळणारी विंच घरघरायची, तारेने ग्लायडर पतंगासारखं वर खेचलं जायचं, तार सुटायची. आणि चहा उकळून गाळेपर्यंत काटेवाले परत मैदानावर हजर. फार तर कधी अर्धा तास. एकदा चाळीस मिनिटं झाली होती, ती त्यांना पुढे कित्येक वर्षं पुरली.

त्यांचं खरं नाव क्लबात फारसं कोणी घेत नसे. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक बोळच. आत शिरायला अंग चोरावं लागे. एका भिंतीला टेबल, त्यावर व्हाइस, कानशी, पितळ चकचकीत करायची पूड, आणि मखमलीचं अस्तर लावलेल्या पेटीत उतरत्या क्रमाने बसवलेली वजनं. वरती दांड्यांचे तराजू टांगलेले. वडिलांनी शिकवलेलं काम. तराजू हातात आला की आधी रिकाम्या पारड्यांचा पासंग, म्हणजे दोन्हींतला फरक, काढायचा. वर गेलेलं पारडं बोटाने अलगद दाबून खाली आणायचं, दांडी शांत करायची, पुन्हा सोडायचं, पुन्हा आणायचं. दांडी आडवी झाल्याशिवाय वजनाला हात लावायचा नाही. दिवसभरात हे किती वेळा व्हायचं याचा त्यांना पत्ता नसे. वाकडं दिसलं की त्यांचा उजवा हात आपणहून पुढे व्हायचा. लोकांच्या घरी गेले तरी भिंतीवरच्या तसबिरी सरळ करत आत जायचे, आणि बायको मागून डोळे वटारायची.

हे असं आणखी दहा वर्षं चाललं असतं तरी काटेवाल्यांनी मुकाट सोसलं असतं. पण घरातच उपद्रव निघाला.

त्यांचा मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, गाड्यांच्या गॅरेजात मेकॅनिक होता. क्लबची विंच बिघडली म्हणून काटेवाल्यांनीच त्याला एका रविवारी मैदानावर आणलं. त्याने विंच नीट केली, मैदानाकडेच्या वडाखाली लोळत आभाळाकडे बघितलं आणि म्हणाला, "दाजी, हे शिकायला काय लागतं?"

"चिकाटी लागते," काटेवाले म्हणाले.

फळ्यासमोर बसून त्याने सगळं ऐकलं, अर्धा वेळ जांभया देत. दुसऱ्याच हंगामात तो गाणं गुणगुणत वर गेला आणि पाच तासांनी, डबा खायची वेळ टळली म्हणून कुरकुरत, खाली आला.

पाच तास एकट्याने वर राहायचं ही त्या क्लबातली मोठी गोष्ट. ज्याने ते केलं त्याच्या नावाची पितळी पट्टी शेडच्या भिंतीवर लागायची. पट्टी कापून, घासून, त्यावर ठोकून अक्षरं उमटवायचं काम अर्थातच काटेवाल्यांचं. भिंतीवरची जवळजवळ प्रत्येक पट्टी त्यांच्या हातची होती. मेव्हण्याचीही त्यांनीच ठोकली. त्या संध्याकाळी दुकानातून हातोडीचा आवाज नेहमीपेक्षा जरा मोठा येत होता, असं शेजारचा चपला शिवणारा म्हणाला.

आणि एका वर्षी डॉक्टरांनी उडण्यासाठी लागणाऱ्या तब्येतीच्या प्रमाणपत्रावर सही करता करता पेन थांबवलं. "या हंगामापुरतं देतो. रक्तदाब बघा तुमचा. पुढच्या वर्षी एकट्याने उडायला माझी सही मिळायची नाही. कोणाला बरोबर घेऊन उडा हवं तर."

पाच तास एकट्यानेच व्हावे लागत. म्हणजे काय ते या हंगामात, नाहीतर कधीच नाही.

काटेवाल्यांनी घरी काही सांगितलं नाही. पण त्या हंगामात त्यांनी एक रविवार सोडला नाही. नांगरलेल्या शेतांवर फिरून पाहिलं, खडीच्या खाणीवर पाहिलं, गोदामांच्या तापलेल्या पत्र्यांवर पाहिलं. काट्यावर कागद चिकटवून पाहिलं. जिथे सगळ्यात जास्त खाली खेचल्यासारखं वाटतं ती दिशा ध्यानात ठेवायची आणि तिच्या उलट बाजूला फेरी सरकवायची, ही मास्तरांची युक्ती करून पाहिली. थर्मल लागायची, नाही असं नाही. पंखाला धक्का बसायचा, बुडाखालून कोणी उचलल्यासारखं वाटायचं, ते मनाशी म्हणायचे, आता वळ, आणि वळेपर्यंत तिथे काहीच नसायचं. चुकून सापडलीच तर दोन फेऱ्यांत हातातून निसटायची. त्याच जागी नंतर मेव्हणा यायचा आणि दिसेनासा होईपर्यंत वर जायचा.

मास्तर औषधांच्या दुकानात बसणारे, थंड डोक्याचे गृहस्थ. ते म्हणाले, "तुमचं सगळं बरोबर आहे हो. नशीब नाही."

"नशीब दर रविवारी माझंच कसं नसतं?" काटेवाले म्हणाले. मास्तरांनी चष्मा पुसला.

घरी वैताग निघायचा तो बायकोवर. भाजी खारट, पंखा आवाज करतो, पेपर कोणी चुरगळला. एका रविवारी रात्रीच्या जेवणाला तिने भांडं जरा आपटूनच ठेवलं.

"अहो, वर जाता तुम्ही, पडता तुम्ही, आणि आपटता मला. हे किती दिवस?"

"पडत नाही मी. उतरतो."

"तेच ते. एकदा धाकट्याला मागे बसवा आणि विचारा, बाबा माझं काय चुकतंय."

काटेवाल्यांचा घास हातातच राहिला. "त्याला मी शिकवलं. आता तो मला शिकवणार?"

"मग बसा घास धरून," बायको म्हणाली. "माझं काय जातंय? हंगाम तुमचा चाललाय." तिला डॉक्टरांचं बोलणं कधीच कळलं होतं. त्या डॉक्टरांची बायको आणि ही एकाच दुकानात ब्लाउज शिवायला टाकत.

पुढचा आठवडा काटेवाले चरफडत राहिले. शनिवारी त्यांनी मेव्हण्याला फोन केला आणि हवापाणी, गाडीचं इंजिन, भाच्याची परीक्षा असं सगळं बोलून झाल्यावर म्हणाले, "उद्या दोन आसनांचं मोकळं आहे म्हणे. तू मागे बसतोस का? बोलायचं नाही मात्र."

"गप्प बसतो, दाजी."

तार सुटल्यावर मेव्हणा खरंच गप्प बसला. पुढच्या आसनावर काटेवाले, मागे तो. दोन्ही आसनांपुढे ग्लायडर वळवायची एक-एक काठी, आतून जोडलेल्या. एक हलली की दुसरी हलणार. मेव्हण्याने आपली काठी दोन बोटांत हलकीच धरली होती. गोदामांवर आले तसा डाव्या पंखाला टप्पकन धक्का बसला. काटेवाले वळले, पण हाती काही लागलं नाही. पुढे खाणीपाशी उजवा पंख उचलला गेला. पुन्हा तेच.

"दाजी," मागून आवाज आला, "एक विचारू?"

"बोलायचं नाही ठरलं होतं."

"बोलत नाही, विचारतोय. पंख उचलला गेला की काठी मारून तो आधी सरळ का करता?"

"मी? मी तर तिकडेच वळतोय."

"ते नंतर. आधी पंख सरळ करता, मग वळता. तोवर थर्मल गेली गावाला."

"काहीतरी बोलू नकोस. हवेने हलली असेल काठी."

"हवेने हलत असेल तर माझ्या वेळेला का हलत नाही?"

काटेवाल्यांच्या डोक्यात तिडीक गेली. फळ्यावर जी गोष्ट ते नवशिक्यांच्या गळी उतरवत होते, ती आपण स्वतः करत नाही, असं हा कालचा पोर आपल्याच पाठीमागे बसून सांगतो. ते तोंड आवळून सरळ उडत राहिले.

"बरं, असं करा," मेव्हणा म्हणाला. "मी चालवतो. तुम्ही हात मांडीवर ठेवा आणि हाताकडे बघा. बाहेर नको, काट्याकडे नको. हाताकडे."

ते त्यांनी केलं, ते केवळ त्याला खोटं पाडायला. उजवा हात मांडीवर ठेवला. खाली नदीचं वाळकं पात्र सरकत होतं. डावा पंख उचलला गेला. आणि काटेवाल्यांच्या देखत त्यांचा अंगठा आणि दोन बोटं जवळ आली, आणि मांडीवर अलगद, जराशी दाबली गेली. वर गेलेलं पारडं खाली आणावं तशी. त्यांनी सांगितलं नव्हतं. त्यांना पंख उचलल्याचं कळायच्या आधीच हाताने आपलं काम उरकलं होतं.

मेव्हण्याने ग्लायडर डावीकडे वळवलं. जमीन सावकाश फिरायला लागली आणि लहान व्हायला लागली. काटेवाले हाताकडेच बघत होते.

"दिसलं?" मेव्हण्याने विचारलं.

काटेवाल्यांनी ती बोटं मुठीत आवळली. मग म्हणाले, "हे तू आजवर का नाही सांगितलंस?"

"आजवर तुम्ही मला मागे बसू कुठे दिलंत? आणि मास्तर तुमच्याबरोबर येतात ते वर्षातून एकदा, सकाळी, उतरणं तपासायला. तेव्हा थर्मल झोपलेल्या असतात." जरा थांबून तो म्हणाला, "आमच्या घरी आलात की चपला काढायच्या आधी घड्याळ सरळ करता, दाजी. तेव्हाच मला शंका यायला हवी होती."

रोग कळला म्हणून बरा होतो असं थोडंच आहे? उलट आता काटेवाल्यांची जास्तच पंचाईत झाली. दुकानात ते हातावर नजर ठेवून बसू लागले. काम तर सोडता येत नव्हतं. सोमवार ते शनिवार ज्या हाताला वर गेलेलं खाली आणायचा पगार, त्याला रविवारी सांगायचं, आज तसं करू नकोस. हात ऐकेना. पुढच्या दोन रविवारी त्यांना प्रत्येक चूक होताना दिसली, आणि एकही थांबवता आली नाही. आधी निदान नशिबाला नावं ठेवता येत होती.

हंगामाचा शेवटचा रविवार उजाडला. मेव्हण्याने त्यांचे पट्टे आवळले, काचेचं झाकण लावायच्या आधी म्हणाला, "दाजी, पाणी घेतलंत?"

"पाच मिनिटांसाठी पाणी कशाला?"

त्याने बाटली त्यांच्या कुशीत कोंबली.

वर गेल्यावर पहिला धक्का उजव्या पंखाला बसला. हाताने तो सरळ केला. दुसरा धक्का डाव्याला. तोही हाताने सरळ केला. उंची अशी उतरली की आता आणखी एकच वळण, मग मैदानाकडे तोंड. काटेवाल्यांनी त्या हाताला अशी एक शिवी दिली, जी घरात कधी दिली नव्हती, आणि चिडून काठीवरून काढून त्याला मांडीखाली दाबून टाकलं. काठी डाव्या हाताने धरली. एवढंच.

डावा हात त्या कामात अडाणी. त्याच्या ताब्यात ग्लायडर बैलगाडीसारखं चालायला लागलं. काचेवरचा लोकरीचा धागा, जो नीट उडताना सरळ मागे वाहतो, तो एकदा इकडे, एकदा तिकडे. अशात गोदामांच्या कडेला डावा पंख उचलला गेला. काटेवाले दचकून वाट बघत राहिले. काठी हलली नाही. डावा हात नुसता धरून बसला होता. त्याने जन्मात तराजूला हात लावला नव्हता. पंख वर होता तो वरच राहिला, आणि मग काटेवाल्यांनी सांगितलं तेव्हा, सांगितलं तिकडे, हाताने वळण घेतलं.

मांडीखाली उजवा हात वळवळत होता.

पहिली फेरी वेडीवाकडी झाली. एका बाजूला जोर, दुसऱ्या बाजूला काही नाही. जोर लागला तिथे त्यांनी वळण सैल सोडलं, ओसरला तिथे आवळलं. दुसऱ्या फेरीत जोराची बाजू मोठी झाली. तिसऱ्या-चौथ्या फेरीत चारी बाजूंनी सारखाच जोर लागायला लागला, आणि काटा उशिराने, पण वर गेला. फळ्यावर त्यांनी खडूने शंभरदा काढलेलं वर्तुळ पायाखाली फिरत होतं. गोदामं आगपेट्यांएवढी झाली. एक घार आली, त्यांच्या आतल्या बाजूने फिरली, त्यांचं उडणं पाहून बहुधा कंटाळली आणि निघून गेली.

एका थर्मलवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर. दुपार अशी सरली. साडेतीन तास झाले तेव्हा डाव्या मनगटात कळ यायला लागली. ती कोपरात चढली, मग खांद्यात. बोटं काठीवर आहेत की नाहीत हे बघून खात्री करावी लागू लागली. पाण्याची बाटली पायापाशी होती, पण उघडायला एक हात लागतो आणि मोकळा होता तो उजवा, आणि मांडीखालून काढला की तो काठीकडेच धावेल अशी त्यांना भीती होती. चार तास झाले. आणखी एकच. खाली मैदानावर माणसं जमलेली ठिपक्यांसारखी दिसत होती.

मग डावा हात बधिर होऊन काठीवरून घसरलाच. काटेवाल्यांनी घाईने उजव्याने काठी पकडली. पहिली फेरी तो शहाण्यासारखा वागला. दुसरीही. त्यांनी डावा हात झटकला, चोळला, तोंडाने त्यावर फुंकर घातली. तिसऱ्या फेरीत बाहेरचा पंख उचलला गेला, आणि उजव्या हाताने, सवयीने, अगदी प्रेमाने, तो सरळ केला. ग्लायडर थर्मलच्या बाहेर पडलं. ते शोधत परत आले तोवर उन्हात दम राहिला नव्हता. खाणीवर काही नव्हतं. गोदामांवर काही नव्हतं. मैदानाच्या कडेला चाकं टेकली तेव्हा पाच तासांना पाऊण तास कमी होता.

मेव्हणा धावत आला, झाकण उघडलं. "दाजी, अहो, सव्वाचार तास. चाळीस मिनिटांचा माणूस सव्वाचार तास."

"हात धर माझा," काटेवाले म्हणाले. "उजवा नको. तो नको धरूस."

मास्तरही आले. सगळ्यांचं मत पडलं की पट्टी लावायला हवी. सव्वाचार तास असं स्पष्ट लिहून लावा, काय बिघडतं?

"नाही," काटेवाले म्हणाले.

"अहो, कोण विचारायला येणार आहे?"

"मी कमी वजनावर शिक्का मारत नाही. पाच म्हणजे पाच." असं म्हणून ते शेडमागे गेले आणि बराच वेळ तिथल्या नळाखाली डावा हात धरून उभे राहिले. मेव्हणा जवळ जाऊन उभा राहिला, पण चेष्टा करायचं त्याला जमेना.

"पाऊण तास," काटेवाले पाण्याकडे बघत म्हणाले. "हे मला दहा वर्षांपूर्वी कळलं असतं, तर डाव्या हाताला सवय झाली असती रे. चिडून कळलं, आणि तेही शेवटच्या दिवशी."

घरी बायकोने हाताला गरम शेक दिला. "दुखतोय?"

"हो."

"आणि उजवा?"

"त्याला काय झालंय? मजेत आहे तो."

"मग त्याने जेवा," ती म्हणाली.

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पुढच्या वर्षी सही दिली नाही. काटेवाले कधीमधी मेव्हण्याबरोबर वर जातात, पुढच्या आसनावर, डाव्या हाताने. पट्ट्यांची भिंत ज्या बाजूला आहे त्या बाजूला पाठ करून चहा पितात. ते शल्य अजून गेलेलं नाही आणि जाईल असं वाटत नाही.

फळ्यासमोरचं बोलणं मात्र त्यांनी बदललं. आता थर्मलची गोष्ट नंतर येते. आधी ते समोर बसलेल्या प्रत्येकाला विचारतात, "तुमचा धंदा काय?"

"शिंपी."

"हम्म. तुम्ही?"

"बस चालवतो."

"दणका बसला की पाय कुठे जातो?"

"ब्रेकवर."

"तुम्ही ठरवून नेता, की आपला आपण जातो?"

बसवाला विचार करतो. "आपला आपण."

"मग तुमचा घोटाळा पायात आहे. आजपासूनच लक्ष ठेवा त्याच्यावर. माझ्यासारखं म्हातारपणी कळून उपयोग नाही." आणि ते खडू घ्यायला वळतात. फळा एका बाजूला चांगलाच कललेला असतो. तो दर रविवारी कोण कलता करून ठेवतं हे त्यांनी कधी विचारलेलं नाही. जाता जाता ते तो सरळ करतात. मागच्या बाकावरून मेव्हणा खोकतो. काटेवाले थबकतात, उजव्या हाताकडे एकदा रागाने बघतात आणि खडू डाव्या हातात घेऊन वाकडंतिकडं वर्तुळ काढायला लागतात.